पाहुण्यांचा घड

समिती येणार म्हटलं, की केळी संशोधन केंद्रातले सगळे शास्त्रज्ञ टाय शोधायला लागत आणि डॉ. नान्सांबा भांडी. केंद्रात ती एकटीच बाई शास्त्रज्ञ. संचालक डॉ. लुबवामा तिला अगदी जिव्हाळ्याने बोलावून घेत आणि म्हणत, "डॉक्टर, जेवणाचं तेवढं तुम्ही बघा. आम्हा पुरुषांना त्यातलं काय कळतंय?" खरं म्हणजे हे सगळे पुरुष जेवण या विषयावर दुपारभर बोलू शकत. पण ते खाण्याबद्दल. रांधण्याचा विषय निघाला, की सगळ्यांना एकदम प्रयोगशाळेत काम आठवे.

आता गंमत बघा. आपल्या बुगांडा मुलुखात केळीची बाग बाईची. नवी सून घरात आली, की सासू पहिल्यांदा तिच्या हातात कुदळ देते आणि बागेचा तुकडा दाखवते. तिथली खणणी, आच्छादन, घड उतरवणं, सगळं तिचं. नवरा बागेत रेंगाळताना दिसला, तर शेजारी विचारतात, बायको आजारी आहे का म्हणून. पण त्याच केळीला कोणीतरी कुंपण घातलं, फाटकावर पाटी लावली, दरमहा पगार सुरू केला, आणि केळी जी पुरुषांची झाली ती झालीच. नान्सांबा तिथे रुजू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला विचारण्यात आलं होतं, की टायपिंग येतं ना.

त्यात शिडीची भानगड. संकरित केळी करायची तर एका केळीचा पराग दुसरीच्या फुलावर हाताने लावायचा, तोही भल्या सकाळी, फूल उमलतं तेव्हा. फूल असतं माणसाच्या डोक्याच्या वर. म्हणजे शिडी आली. आणि बाईने उंचावर चढायचं नाही, असा आपल्याकडचा जुना दंडक. डॉ. लुबवामा परदेशात शिकून आलेले. असल्या समजुती त्यांना मुळीच मान्य नव्हत्या, तसं ते भाषणात सांगतही असत. "पण डॉक्टर," ते म्हणायचे, "मजूर काय म्हणतील?" तेव्हा नान्सांबाने वाद घालायचं सोडलं आणि मजूर यायच्या आत येऊन शिडी चढायला सुरुवात केली. नऊ वर्षं ती अशी दंव पडलेल्या पानांत डोकं खुपसून उभी राहिली. केळीला बी धरणं म्हणजे महाकठीण काम. घडामागून घड फोडावेत तेव्हा कुठे एखादं बी हाताला लागतं, आणि तेही रुजेलच असं नाही.

त्या सगळ्या खटाटोपातून निघाला तो सतरा नंबर. नाव ठेवायला परवानगी लागते, म्हणून बिचारा नंबरावरच वाढला. पानांवरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाने अख्ख्या मुलुखातल्या बागा वाळत चालल्या होत्या. नान्सांबाच्या आईची मसाका भागातली बागही त्यातच गेली होती. पूर्वी तिथला एक घड उचलायला दोन माणसं लागत. आता आई एका हाताने घड आणायची आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसायची. सतरा नंबरवर ठिपका टिकत नव्हता. घड भरायचा कसा, तर बघत राहावं. पण रोग नाही, घड मोठा, एवढ्यावर भागत नाही. पानांत वाफवलेल्या कच्च्या केळ्यांचा आपला रोजचा मातोके मऊ हवा, पिवळाधमक हवा, आणि हायब्रिड म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या. समितीने चव घेऊन मान डोलावली, तर सतरा नंबरची पिल्लं शेतकऱ्यांच्या बागांत जाणार होती. नाही डोलावली, तर सोमवारी सगळा प्लॉट उपटून तिथे केंद्रातल्याच डॉ. कासिर्ये यांचा चोवीस नंबर लागणार होता. कासिर्येंनी दोऱ्या लावून जागा आखूनसुद्धा ठेवली होती.

म्हणून नान्सांबाने चवीच्या चाचणीचे नियम स्वतः केले. दोन ताटल्या, एकीत गावठी मातोके, दुसरीत सतरा नंबर. कोणती कोणाची हे सांगायचं नाही. आणि ज्याने जात तयार केली त्याने सगळ्यांची मतं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. डॉ. नान्सांबाने गप्प बसायचं, हा नियम संचालकांना इतका पसंत पडला, की त्यांनी तो तिथल्या तिथे मंजूर केला. फक्त चाचणी जेवणाआधी घ्यावी, ही तिची विनंती त्यांनी फेटाळली. भुकेल्या माणसाला काहीही गोड लागतं, भरल्या पोटी जे गोड लागेल तेच खरं, असं त्यांचं म्हणणं. कासिर्येंनी त्यावर जोरजोरात मान हलवली. संचालक बोलले, की कासिर्येंची मान आपोआप हलायची.

आदल्या दिवशी संध्याकाळी डॉ. लुबवामा स्वतः बाजारातून घड घेऊन आले. बाकी सगळं बाईवर सोपवलं तरी घडाची निवड ते कोणावर सोपवत नसत. पिकअपमधून घड उतरवून घेत ते म्हणाले, "हा अस्सल सिंह. बाजारात याच्या तोडीचा नव्हता." सिंह ही आपली जुनी, नावाजलेली जात. पण हा सिंह जरा आजारातून उठल्यासारखा दिसत होता. केळी बारीक, साल करडी, आणि वरची एक फणी कोणीतरी चाकूने सफाईने कापून घेतलेली. नान्सांबाने फणीबद्दल विचारलं. संचालक म्हणाले, बाजारातच तशी होती, आणि लगबगीने पिकअपचं दार लावून निघून गेले.

तिने आपल्या प्लॉटमधून सतरा नंबरचा घड उतरवून आणला होता. गल्लत नको म्हणून त्याच्या दांड्याला छानशी लाल फीत बांधली. दोन्ही घड स्वयंपाकघराच्या कोठीत शेजारी शेजारी ठेवले आणि नालोंगोला बजावलं, की एक घड पाहुण्यांच्या जेवणाचा, एक चाचणीचा, दोन वेगवेगळ्या मोटल्या बांधायच्या. नालोंगो म्हणजे केंद्राची स्वयंपाकीण. तिला जुळी झाली तेव्हापासून सगळे तिला मानाने नालोंगो, जुळ्यांची आई, म्हणत. तिचं पाळण्यातलं नाव विचारलं, तर तिलाही क्षणभर थांबावं लागे. तिने दोन्ही घडांकडे एकेक नजर टाकली आणि म्हणाली, "कळलं गं पोरी. मला काय पहिल्यांदा पाहुणे येतायत?" कोणता घड कुठला, हे तिने विचारलं नाही आणि नान्सांबाने सांगितलं नाही. लाल फीत आहे की, असं नान्सांबाला वाटलं. लाल फीत आहे की, असंच नालोंगोलाही वाटलं.

समिती आली ती उन्हं चढल्यावर. अध्यक्ष कालिबाला म्हणजे पिकल्या केसांचे, पांढऱ्या झग्यावर कोट घातलेले, एके काळचे मोठे बागायतदार. सरकारात त्यांचा शब्द चाले आणि जेवणावळीतही. नान्सांबाने आपल्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून त्यांचं स्वागत केलं. ते तिच्या वडिलांच्या वयाचे, त्यात तिला काही कमीपणा वाटला नाही. पण लुबवामांनी लगेच हाताने खूण केली, की आता उठूच नका, हात धुवायचं पाणीही घाला. मग ती तांब्या आणि घंगाळ घेऊन एकेकाच्या पुढे सरकत राहिली. कासिर्ये तिच्याच वर्गातले. प्रबंध लिहिताना तिच्याकडून आकडेमोड तपासून घेत. त्यांनीही दोन्ही हात पुढे केले आणि वर पाहिलंसुद्धा नाही.

सकाळपासून तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. खुर्च्या कमी पडल्या, टेबलावरच्या कापडाला डाग निघाला, अध्यक्षांच्या ड्रायव्हरला गाडीसाठी सावली हवी होती. या सगळ्या धावपळीत तिला स्वयंपाकघरात डोकावायला मिळालं नाही. आणि डोकावली असती तरी काय दिसणार होतं? केळीच्या पानांत बांधलेल्या दोन हिरव्या मोटल्या दोन चुलींवर वाफाळत होत्या, आणि चुलीवर चढलेली मोटली नालोंगोने बिशपसाठीसुद्धा उघडली नसती.

जेवण वाढलं गेलं. पान उलगडलं तसा पिवळाजर्द, लोण्यासारखा मातोके दिसला आणि टेबलावरचं बोलणं थांबलं. शेंगदाण्याचं लालसर कालवण होतं, कोंबडी होती, पण कोंबडीकडे कोणी बघेना. समितीतल्या माणसांनी दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. कासिर्येंनी टाय सैल केला. डॉ. लुबवामा प्रत्येक वाढीगणिक खुर्चीत थोडे उंच होत होते. ते सांगत होते, की बाजारात घडांचा डोंगर असतो, पण नजर लागते. त्यांनी दांडा बघूनच ओळखलं होतं म्हणे, की हा सिंह खानदानी आहे.

नान्सांबा वाढत होती. वाढणारी सगळ्यांच्या मागून जेवते, त्यामुळे तिच्या तोंडात घास गेला नव्हता. एक घास गेला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं. सतरा नंबरची चव तिला झोपेतही ओळखता आली असती. पण तिला हाका येत होत्या. डॉक्टर, इकडे कालवण. डॉक्टर, मीठ.

मग अध्यक्ष कालिबालांनी बोटं चाटून पुसली आणि तिच्याकडे वळले. आपल्याकडे आभारांना काही तोटा नाही. रस्त्याने जाणाऱ्याला 'चाललात, वेबाले', खणणाऱ्याला 'खणलंत, वेबाले', आणि जेवणारा माणूस रांधणारीचे आभार मानल्याशिवाय उठत नाही.

"रांधलंत, वेबाले," अध्यक्ष म्हणाले. "माझी आई गेल्यापासून असा मातोके माझ्या तोंडात पडला नव्हता. बाई, मनापासून वेबाले."

"जेवलात, वेबाले," ती म्हणाली, कारण त्याला दुसरं उत्तर नाही. नालोंगोने रांधलं, हेही तिने सांगितलं, पण तोवर बाकीचे सुरू झाले होते. एकामागून एक सगळ्यांनी 'रांधलंत, वेबाले' म्हटलं. कासिर्येंनीसुद्धा म्हटलं, आणि वर जोडलं, की एवढा हात असताना बाईने शिडीवर कशाला चढायचं. सगळे मनमोकळं हसले. नान्सांबाही दातांना दात लावून हसली.

खरा घाव पुढेच होता. अध्यक्ष मागे रेलून म्हणाले, "लुबवामा, खरं सांगू? असा सिंह आपल्या बाजारात मिळत असेल, तर या हायब्रिडच्या मागे लागायचंच कशाला? लोकांनी हे खाल्लंय. त्यांच्या गळी दुसरं काय उतरणार आहे?" मग पोटावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, ती चाचणी घ्यायलाच हवी का. नऊ वर्षांचं काम हे लोक ढेकर देऊन निकालात काढणार होते. नान्सांबा म्हणाली, घ्यायलाच हवी, दोन घासांचं तर काम आहे, आणि उत्तराची वाट न बघता ताटल्या आणायला स्वयंपाकघराकडे निघाली.

तिथे नालोंगो दुसरी मोटली सोडून बसली होती. आतला मातोके फिकट, करड्या रंगाचा, चमच्याने दाबला तर उलट चमच्यालाच दाबत होता. नान्सांबा बघतच राहिली. सतरा नंबर असा? तिची नजर दोन चुलींपाशी पडलेल्या सालींच्या ढिगांकडे गेली. प्रत्येक ढिगावर एक दांडा पडला होता. एकाला लाल फीत होती आणि तो जेवणाच्या चुलीपाशी होता. दुसऱ्याची वरची फणी चाकूने कापलेली होती, आणि तो या चुलीपाशी.

"नालोंगो," ती कशीबशी म्हणाली, "जेवणाला कुठला घड घेतलास?"

"चांगला घेतला. फीतवाला."

"तो चाचणीचा होता!"

नालोंगोने कमरेवर हात ठेवले. "डोकं ठिकाणावर आहे ना पोरी? असा भरलेला घड, त्याला लाल फीत बांधलेली, आणि तो मी चाचणीला शिजवू? आणि पाहुण्यांपुढे ते मरतुकडं ठेवू? माझ्या आईने मला तसं शिकवलं नाही. मला वाटलं, हे वाळकं तुम्हाला त्या नळ्यांत घालायला हवंय."

घरातला सगळ्यात चांगला घड पाहुण्यांचा, हे नान्सांबालाही तिच्या आईने असंच शिकवलं होतं. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की तिकडे आत्ता सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला तो सतरा नंबर. आई गेल्यापासून तोंडात पडला नव्हता तो सतरा नंबर. हे त्यांना ताबडतोब सांगायला हवं, म्हणून ती वळली, तर दोन्ही मोटल्यांतलं वाढून नालोंगोने दाराशी ठेवलेल्या ताटल्या जागेवर नव्हत्या. दोघी बोलत असताना, उशीर होतोय म्हणून कासिर्ये आत येऊन दोन्ही ताटल्या घेऊन गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वयंपाकघरातून काही उचललं होतं, आणि तेही याच वेळी.

ती धावतच हॉलमध्ये शिरली. "सर, एक मिनिट, या ताटल्यांत—"

डॉ. लुबवामांनी ओठांवर बोट ठेवलं. "डॉक्टर, सगळ्यांची मतं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. नियम कोणाचा?"

"माझा, पण—"

"तुमचाच. बसा."

ती बसली. स्वतःच्या हाताने घातलेलं कुलूप, किल्ली कोणाकडे मागणार? पुढे जे झालं ते तिने ओठ घट्ट मिटून पाहिलं. दोन ताटल्या फिरल्या. नाव सांगायचं नाही हा नियम तंतोतंत पाळला गेला, पण पाळून उपयोग काय? पिवळा मातोके तोंडात घालताच एकजण म्हणाला, हा तर मघाचाच, आपला सिंह. मग दुसरी ताटली उरली, ती अर्थातच हायब्रिड. आणि हायब्रिड म्हटल्यावर प्रत्येकाच्या जिभेला धार आली.

एकाला ती दगडासारखी लागली. एकाने घास रुमालात काढून ठेवला. कासिर्ये म्हणाले, हे टायर दुरुस्तीला चालेल. सगळ्यांत रंगले ते डॉ. लुबवामा. त्यांनी घास बराच वेळ तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "काय सांगू? याला चव नाही, रंग नाही, घराणं नाही. बाजारात कोणी हा घड माझ्या पिकअपमध्ये फुकट टाकला असता, तरी मी रस्त्यात उतरवून दिला असता. डॉ. नान्सांबांनी मेहनत केली, नाही असं नाही. पण निवड करायला नजर लागते. ती बाईमाणसाला कुठून येणार?"

शेवटी अध्यक्ष. त्यांनी दुसऱ्या ताटलीतला एक घास घेतला, कष्टाने गिळला आणि पाणी मागितलं. "माझ्या गाईसुद्धा याच्याकडे पाठ फिरवतील," ते म्हणाले. "पिवळा तो मातोके. शेतकऱ्याला द्यायचं तर ते द्या. झाली सगळ्यांची मतं?"

झाली होती. नान्सांबा उठून उभी राहिली. ती म्हणाली, की चाचणीत एक चूक झाली आहे आणि ती लपवणं तिला शोभणार नाही. दोन घडांची अदलाबदल झाली. दुपारी सगळ्यांनी जेवणात खाल्ला तो, आणि आत्ता सगळ्यांनी पसंत केला तो, सतरा नंबर. ज्याला टायर म्हटलं तो संचालकांनी निवडलेला सिंह.

मग कासिर्ये हळूच म्हणाले, "हरल्यावर बरं आठवलं." दोघातिघांच्या माना हलल्या. लुबवामा तर दुखावल्यासारखे दिसले. आपण स्वतः निवडलेला घड आपल्याला ओळखू येणार नाही का, असं त्यांनी छताला विचारलं. नान्सांबाच्या ध्यानात आलं, की खरं सांगूनही आपण खोट्या ठरतोय. आता सोमवारी प्लॉट उपटला जाणार आणि वर लबाडीचा शिक्का बसणार. आईला काय सांगायचं, हाच विचार तिच्या मनात आला.

तेवढ्यात दारात नालोंगो उभी राहिली. तिच्या दोन्ही हातांत दोन दांडे होते. कोणी बोलावलं नव्हतं. पण आपण रांधलेल्याला टायर म्हटलेलं भिंतीपलीकडून ऐकू आल्यावर ती थांबणाऱ्यातली नव्हती. तिने अध्यक्षांपुढे गुडघे टेकले आणि गुडघ्यांवर बसूनच आवाज चढवला. फीतवाला दांडा पाहुण्यांच्या मोटलीचा आणि हा दुसरा चाचणीचा, माझ्या हाताने सोलले, असं ती म्हणाली. "आणि या मरतुकड्याची तर एक फणी आधीच कोणीतरी खाल्लीये. ज्याने घड आणला त्यालाच विचारा."

अध्यक्षांनी तो दांडा हातात घेतला. जन्म बागेत गेलेला माणूस. कापलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. "चाकूने कापलीये," ते म्हणाले. "लुबवामा, तुमच्या घडाला फणी कमी होती?"

लुबवामांनी टायची गाठ चाचपली. "म्हणजे... तशी... घरी मंडळींनी सांगितलं होतं, येताना थोडी केळी आणा."

"मग ती फणी कुठे आहे?"

ती फणी पिकअपच्या सीटखाली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कालच द्यायची राहून गेली होती, कारण संचालकांना घरी जायला उशीर झाला आणि मंडळी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. अध्यक्षांच्या ड्रायव्हरने ती आणून टेबलावर ठेवली. कालिबालांनी फणी दांड्याच्या कापावर टेकवली. चपखल बसली. मग त्यांनी समोरच्या करड्या ताटलीकडे पाहिलं, शेजारच्या पिवळ्या ताटलीकडे पाहिलं, आणि शेवटी संचालकांकडे. लुबवामा आपल्या बुटांची पाहणी करत होते. कासिर्येंची मान आज पहिल्यांदाच कोणत्याही दिशेने हलत नव्हती.

अध्यक्षांना हसू आलं, पण ते त्यांनी दाढीत जिरवलं. वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला बोललेलं गिळणं अवघड. मघाशी गिळलेल्या घासापेक्षाही अवघड. त्यांनी फणी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून लुबवामांपुढे सरकवली.

"मी या बाईंना वेबाले म्हटलंय," ते शेवटी म्हणाले. "भरल्या पोटी म्हटलंय आणि चारचौघांत म्हटलंय. तुम्हीही सगळ्यांनी म्हटलंत. आभार मानून परत घेणारा माणूस आमच्या घरात अजून जन्मला नाही. आणि लुबवामा, भरल्या पोटी गोड लागेल तेच खरं, असं तुम्हीच ठरवलं होतंत ना?" मग ते उठले, नान्सांबापाशी आले आणि बागेत खणणाऱ्या बाईला म्हणतात तसं, हलकेच मान झुकवून म्हणाले, "खणलंत, वेबाले."

नऊ वर्षांत तिला हे कोणी म्हटलं नव्हतं. अहवाल छान झाला असं म्हटलं होतं, चहा छान झाला असं तर कितीदा. पण सकाळच्या दंवात, शिडीवर, फुलांत मान घालून उभी असताना रस्त्याने जाणाऱ्या कोणीही 'खणलंत, वेबाले' म्हणून हाक दिली नव्हती, कारण ती तिथे असल्याचं कोणाला ठाऊकच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. उत्तरादाखल तिने गुडघे टेकले. नालोंगो शेजारीच टेकलेली होती. तिने कोपराने ढोसलं आणि पुटपुटली, "रडू नकोस, कालवणात पडेल."

सतरा नंबर शेतकऱ्यांकडे गेला. पहिली पिल्लं मसाकाला गेली आणि आईने ती स्वतः लावली. समितीच्या भेटीच्या संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये बसून नान्सांबा एकेकाचे मनात आभार मानत गेली होती. नालोंगोचे, तिच्या आईचे, लाल फितीचे, कालिबालांच्या भुकेचे. मानता मानता ती डॉ. लुबवामांपाशी आली आणि तिला हसू फुटलं. त्यांनी तिला स्वयंपाकघराकडे पिटाळलं नसतं, तर दोन्ही घड एका कोठीत आले नसते. त्यांनी चाचणी जेवणाआधी ठेवली असती, तर उपाशी माणसांनी हायब्रिडला आपले नेहमीचे दोन टोमणे मारून तिला घरी पाठवलं असतं. त्यांच्या बायकोला केळी नको असती, तर कोणी तिच्यावर विश्वास ठेवला नसता. इतकं करणाऱ्या माणसाला देव सुखी ठेवो, असं तिने अगदी खरोखर मनापासून म्हटलं.

पुढल्या आठवड्यात फलकावर हुकूम लागला. समितीच्या भेटीच्या दिवशी डॉ. नान्सांबा यांनी स्वयंपाकघर, कोठी किंवा चूल यांच्या आसपास फिरकू नये, निःपक्षपातीपणाच्या दृष्टीने ते योग्य नाही. खाली संचालकांची सही होती. जेवणाची जबाबदारी विश्वासू माणसावर असावी, म्हणून ती त्यांनी स्वतःकडे घेतली होती. नान्सांबाने तो हुकूम दोनदा वाचला. नऊ वर्षं ती हेच मागत होती.

पुढच्या वर्षी समिती आली तेव्हा ती अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. डॉ. लुबवामा पहाटेपासून राबत होते. खुर्च्या कमी पडल्या होत्या, टेबलावरच्या कापडाला डाग निघाला होता, आणि नालोंगोने त्यांना दोनदा चुलीपासून हाकललं होतं. तांब्या कासिर्येंच्या हातात होता. नान्सांबाने दोन्ही हात पुढे केले, आणि वर बघून त्यांचेही आभार मानले. मातोके आला, सतरा नंबरचाच, पिवळाधमक. तिने पोटभर खाल्लं, पहिल्या पंगतीत, गरम गरम.

मग ती दाराशी घाम पुसत उभ्या असलेल्या संचालकांकडे वळली.

"रांधलंत, वेबाले," ती म्हणाली.

अध्यक्ष वाट बघत होते. लुबवामांनी एकदा छताकडे पाहिलं, पण रीत ती रीत, त्याला दुसरं उत्तर नाही.

"जेवलात," ते हळू आवाजात म्हणाले, "वेबाले."